खंडेनवमीला चालू झालेलं मशीन

दोन ऑक्टोबर, दसरा. मागितलेली रक्कम दहा हजार डॉलर, म्हणजे त्या दिवशीच्या भावानं आठ लाख सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास. हजर माणसं चार: कारखान्याचे मालक, त्यांच्या आई, डिझाइन करणाऱ्या अक्का आणि हिशेब लिहिणारा मी. पाचवी माझी मुलगी, पण ती पुण्यात होती आणि फोनवरून बोलत होती. तिला हजर धरावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचा कारखाना टॉवेलचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. बावीस वर्षं मी तिथं हिशेब पाहतो. खंडेनवमीला कारखान्याची एक रीत आहे. सगळे माग पुसायचे, तेल घालायचं, बंद करायचे, मग पूजा. एकदा पूजा झाली की दसऱ्याला नारळ फोडेपर्यंत यंत्राला कोणी हात लावायचा नाही. ही रीत मालकांच्या आईंची. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो. सासऱ्यांचे हातमाग होते तेव्हापासून त्यांनी ती सांभाळली आहे. "वर्षभर मारता त्याला. एक दिवस अंग टाकू दे की," असं त्या दरवर्षी म्हणतात. ऑफिसात कॉम्प्युटर आले तसे तेही या रीतीत आले.

आमच्याकडं कॉम्प्युटर तीन. माझं हिशेबाचं मशीन विंडोजचं. त्यावर दोन नावांनी आत जाता येतं, एक माझं आणि एक मालकांचं. अक्कांना डिझाइनसाठी मॅक घेतलेला, कारण दुकानदारानं मालकांना सांगितलं होतं की चित्राचं काम त्याच्यावरच चांगलं होतं. आणि कोपऱ्यात एक काळी पेटी. तिच्यात सगळ्या डिझाइन ठेवलेल्या असतात आणि बाकीची दोन्ही मशीन तिच्याकडून फायली घेतात. ती लिनक्सवर चालते, कारण ते फुकट होतं. ही पेटी कधी बंद करत नाहीत. अम्मांना ते पसंत नाही. तिला कुंकू लावताना त्या दरवेळी विचारतात, "ह्याला झोप न्हाई का रे बाबा?"

खंडेनवमीला बाराच्या आत पूजा आटोपली. माझं मशीन मी बंद केलं, भिंतीवरचं बटणही बंद केलं. अक्कांनी त्यांचं केलं. अम्मांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार दोन्ही पडद्यांवर घातला, की-बोर्डवर एकेक फूल ठेवलं. मी कुलूप लावलं. किल्ल्या दोन, एक माझ्याकडं आणि एक मालकांकडं.

दसऱ्याला सकाळी मी कुलूप उघडलं तेव्हा अम्मा आणि अक्का माझ्या मागं होत्या. अम्मांच्या हातात नारळ होता. आत पाऊल टाकलं आणि मला पंख्याचा आवाज आला. छताचा पंखा बंद होता. आवाज माझ्या मशीनचा होता.

पडदा लाल होता. हार बाजूला सरकून एका कोपऱ्याला लोंबत होता आणि की-बोर्डवरचं फूल खाली फरशीवर पडलेलं होतं. पडद्यावर इंग्रजीत मजकूर. मी उभ्या उभ्याच तो दोनदा वाचला. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर दहा हजार डॉलर, तेही फलाण्या पद्धतीनं, अमुक मुदतीत. खाली पत्ता. भाषा इतकी सभ्य होती की मला वाटलं, बँकेचंच पत्र आहे.

अक्कांनी तोवर त्यांचा मॅक सुरू केला होता.

"अण्णा, हे काय ओ? डिझाइनीला हे काय शेपूट लागलंय? चित्रच येत न्हाय."

फुलांची, जरीकाठाची, लग्नाच्या आहेराची, सगळी नावं जिथल्या तिथं होती. प्रत्येक नावाला एकच विचित्र शेपूट लागलेलं आणि एकही फाईल उघडत नव्हती. अकरा वर्षांचं काम होतं त्यांचं. त्या हळूच खुर्चीवर बसल्या.

मालक दहा मिनिटांनी आले. मी पडद्याकडं बोट दाखवलं. त्यांनी वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, अम्मांकडंही नाही. अक्कांकडं पाहिलं.

"अक्का, परवा तुम्ही पेन ड्राइव्ह लावला होता की न्हाई?"

"व्हय. रोजच लावते की, मालक."

"घरी नेता तो?"

"नेते. सांजच्याला काम राहिलं तर घरी बसून करते."

"मग त्यातनंच आलं हे. घरी कुठल्या कुठल्या डबड्याला लावता आणि हितं आणून घालता. आणा तो हिकडं."

अक्कांनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढून दिला. तो मालकांनी कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं.

"उद्यापासून येऊ नका. पोलिसात जायचं का नाही ते मी बघतो."

अक्का होटगीहून येतात. नवरा जाऊन सात वर्षं झाली. घर त्यांच्या पगारावर चालतं, सासू-सासऱ्यांचं औषधही. त्या रडल्या नाहीत. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अण्णा, तुमी सांगा की. हे नाव घेऊन मी कुटं काम मागू? टॉवेलवाले समदे एकमेकाला फोन करत्यात."

खरं होतं. सोलापुरात हा धंदा एका गल्लीएवढा आहे. संध्याकाळी सोनं वाटायला निघालेला माणूस ही बातमीही सोबत वाटत गेला असता.

काय करावं ते मला सुचेना, म्हणून मी मुलीला फोन लावला. ती पुण्यात एका कंपनीत काम करते. काम काय, ते तिनं मला तीनदा समजावलं आहे. वेगवेगळ्या प्रकारच्या मशीनवर या घडीला कोणकोणती कामं चालू आहेत, याची माहिती एका ठिकाणी गोळा करणारा प्रोग्रॅम ती लिहिते. यात पगार देण्यासारखं काय आहे, असं मी तिला एकदा विचारलं होतं.

मी फोन स्पीकरवर ठेवला. माझं बोलणं अर्ध्यावर असतानाच मालक माझ्या मशीनच्या बटणाकडं निघाले. "आधी बंद करा हे. बंद करा!"

"काका, थांबा!" फोनमधून ती ओरडली. "बंद नका करू. आत्ता काय चालू आहे ते फक्त चालू असेपर्यंतच दिसतं. बंद केलं की कोणी काय सुरू केलं ते सगळं जाईल. नुसती नेटची वायर काढा. पेटीची पण काढा."

"अगं, आणि वाढलं म्हणजे?"

"वायर काढल्यावर पेटीतलं वाढणार नाही. काका, हात लावू नका, प्लीज."

मालकांचा हात बटणावरच होता. अम्मा इतका वेळ नारळ घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लेकरू सांगतंय तर थांब की रा."

मालक थांबले. मी दोन्ही वायरी काढल्या.

"पप्पा, आता नीट ऐका," मुलगी म्हणाली. "मशीनवर चालू असलेल्या प्रत्येक कामाला एक नंबर असतो. ते कोणाच्या नावानं चालू आहे, कधी सुरू झालं आणि कुठल्या दुसऱ्या कामातून निघालं, ते पण लिहिलेलं असतं. तुम्ही व्हाउचर समजा. नंबर, सही, वेळ, कशापोटी."

एवढं मला लगेच समजलं.

"तिन्ही मशीनला आपण हेच विचारायचं. पण तिघांची बोली वेगळी आहे."

मी आमच्या ऑफिसकडं पाहिलं. मालक घरी तेलुगू बोलतात, अक्का कन्नड, मी मराठी. बोनस कधी, हे मात्र तिन्ही भाषांत विचारता येतं. हा विनोद मला तेव्हा सुचला आणि तेव्हाच त्याची लाजही वाटली.

पहिली काळी पेटी. तिला जुना पडदा जोडला. मुलीनं एकेक अक्षर सांगितलं, पी, एस, मग मोकळी जागा, मग वजाचं चिन्ह, पुढं आणखी काही. मी एका बोटानं टाइप केलं. पडदाभर ओळी आल्या, वर सरकून गेल्या.

"पप्पा, सगळं वाचू नका, मी सांगते ते शोधा."

"सगळं वाचल्याशिवाय मला कळत नाही."

"पप्पा, दीडशे ओळी असतील!"

"असू देत."

माझी एक सवय आहे. ताळा घेताना मी प्रत्येक नोंद मोठ्यानं वाचतो, समोरचा खूण करतो. डोळा ओळ गाळतो, तोंड गाळत नाही. माझ्या पहिल्या साहेबांनी लावलेली सवय. मी वाचत गेलो, मुलगी तिकडून "हो", "हो", "हे नेहमीचं" म्हणत गेली. पेटीवर भलतं असं काहीच निघालं नाही. फायली मागेल त्याला देण्याचं तिचं रोजचं काम होतं आणि त्यातली एक ओळ रात्रभर राबल्यासारखी दिसत होती. मुलीनं आणखी एक शब्द टाइप करायला सांगितला. वायर काढलेली असली तरी शेवटचं गिऱ्हाईक कोण, ते पेटीच्या लक्षात होतं. गिऱ्हाईक माझं मशीन होतं.

"पेटी नुसती दार उघडत होती," मुलगी म्हणाली. "आत येणारा तुमच्या मशीनवरून येत होता."

मी मालकांकडं पाहिलं. ते कपाटाला टेकून उभे होते.

मग मॅक. त्याला तीच दोन अक्षरं चालली, पुढची थोडी वेगळी. मी वाचायला लागलो. पहिली ओळ, आज सकाळी. दुसरी, आज सकाळी. सगळ्याच आजच्या, अक्कांनी मशीन लावलं तेव्हाच्या. त्याआधीची एकही नाही.

"हे मशीन काल बंद होतं," मुलगी म्हणाली. "ह्याच्यावर काही झालेलं नाही."

अक्कांनी पहिल्यांदाच मान वर केली. "मी सांगत होते की."

"रोग परवाच दिलेला असला तर?" मालक म्हणाले. "पेन ड्राइव्हमधनं परवा गेला असेल, उठला असेल काल."

"असू शकतं, काका," मुलगी म्हणाली. "म्हणून तर तिसरं बघायचं."

माझं मशीन शेवटी. त्याला ती दोन अक्षरं त्या पद्धतीनं कळत नव्हती. त्याच्यासाठी निळी चौकट उघडावी लागली आणि लांबच्या लांब ओळ लिहावी लागली. दोनदा माझं चुकलं, दोन्हीदा चौकटीत लाल अक्षरांनी मला झापलं. "काय ओ, त्या पोरीला तरी येतंय का?" मालक पुटपुटले. अम्मांनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. तिसऱ्यांदा ओळी आल्या.

मी वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीला अडलो.

"कालची तारीख आहे. दुपारी तीन अठ्ठावन्न. चूक आहे ही. मशीन बंद होतं काल, बटण मी स्वतः बंद केलं."

"पप्पा, पुढं वाचा," मुलगी म्हणाली, जरा हळू.

मी वाचत गेलो. नंबर, नाव, वेळ, कोणाच्या नावानं. सगळ्या वेळा कालच्या, चारच्या आसपासच्या. माझं डोकं एकाच गोष्टीपाशी अडकलं होतं, की बंद मशीन चालू कसं होतं. मी काय वाचतोय याकडं माझं लक्षच नव्हतं. तोंड वाचत होतं.

"नंबर सहा हजार सातशे बारा. नाव, ऑर्डर डिटेल असं काहीतरी. सुरू, काल दुपारी चार वाजून सात मिनिटं. निघालं, मेल उघडायच्या प्रोग्रॅममधून. नावानं, मालक."

शब्द बाहेर पडला आणि मग मला ऐकू आला.

दसऱ्यामुळं शेडमधले माग बंद होते. इतर वेळी आमच्या ऑफिसात ओरडून बोलावं लागतं. त्या वेळी मला भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. फोनमधून मुलगी म्हणाली, "हेच आहे, पप्पा. मेलबरोबर आलेली फाईल कोणीतरी उघडली." मालक म्हणजे कोण, हे तिला कळलं नसावं. तिला ते नुसतं मशीनवरचं एक नाव वाटलं असेल. मी फोन बंद केला.

"काल चार वाजता," अम्मा म्हणाल्या, "तू हार आणायला गेला होतास ना रा?"

मालक कपाटापासून दूर झाले.

"चेप्पु रा. सांग."

"एक मेल आला होता, अम्मा. बाहेरच्या पार्टीचा. अडीच हजार डझनची ऑर्डर. आजच उत्तर द्या म्हणत होते. मोबाईलवर फाईल उघडेना." ते फरशीकडं पाहत बोलत होते. "पाच मिनिटांचं काम. हितं पण नाही उघडली. मशीन अडकून बसलं, बंदच होईना. तुझा फोन आला, आरतीला बोलावलंस. मी तसाच आलो."

"आणि हार?"

"हार बाजूला करून परत घातला."

मी बावीस वर्षं या माणसाला ओळखतो. व्यापाऱ्याकडून चुकून जास्त आलेले पैसे मी सांगायच्या आत परत पाठवणारा माणूस. फसव्या मेलला तो फसला, त्यात काही नाही, मीही फसलो असतो. मला धक्का बसला तो दुसऱ्या गोष्टीचा. दारातून आत आला तेव्हाच त्याला माहीत होतं, की बाराच्या पूजेनंतर या मशीनला हात लावणारा एकच माणूस आहे. अम्मांसमोर ते सांगायचं नव्हतं, म्हणून त्यानं नजर फिरवली आणि ती जिथं जाऊन थांबली तिथं अक्का होत्या. एवढं सोपं होतं ते.

अम्मांनी नारळ टेबलावर ठेवला. "यंत्राला हात लावलास, ते देव बघून घेईल," त्या म्हणाल्या. "तिला बोललास त्याचं काय?"

"अक्का, चुकलं," मालक म्हणाले.

अक्का उठल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

"माझा पेन ड्राइव्ह द्या की, मालक."

मालकांनी कपाट उघडून तो दिला. अक्कांनी तो मुठीत धरला आणि म्हणाल्या, "ह्याच्यात हायत डिझाइनी. गणपतीपातूरच्या समद्या. तुमी पुरावा म्हणून आत घातलासा." आणि मग त्यांना हसू आलं. एकट्याच हसत होत्या. मला ते हसणं बघवलं नाही.

त्या दिवशी नारळ फुटला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. दहा हजार डॉलर आम्ही दिले नाहीत. पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार दिली, तिथं मी त्याच दिवशी मोबाईलवर काढून ठेवलेले पडद्यावरच्या ओळींचे फोटो उपयोगी पडले. माझं मशीन आणि काळी पेटी पुसून नव्यानं उभी केली. हिशेबाची प्रत मी दर महिन्याला वेगळ्या डिस्कवर काढून घरी ठेवतो, त्यामुळं माझा फक्त सप्टेंबर गेला. डिझाइन अक्कांच्या पेन ड्राइव्हवरून परत आल्या. गणपतीनंतरच्या मात्र गेल्या, त्या अक्कांनी आठवून पुन्हा काढल्या. दिवाळीची गर्दी असूनही त्या रोज येत होत्या. मालक त्यांच्याशी जपून, शब्द मोजून बोलत. ते मला ऐकायला जड जाई.

शेवटची डिझाइन पेटीत ठेवली त्या दिवशी अक्का माझ्या टेबलाशी आल्या आणि राजीनाम्याचा कागद पुढं केला.

"आता कशाला?" मी म्हणालो. "सगळं निस्तरलं की. नाव साफ झालं तुमचं."

"नाव मशीननं साफ केलं, अण्णा."

"मालकांनी माफी मागितली."

"मागितली. पण त्यांना ठावं होतं की ओ. हात कुणी लावला ते ठावं असताना माज्याकडं बगितलं." त्यांनी पदर सारखा केला. "रोज समोर बसून काम करायचं म्हंजे ते डोळे दिसत्यात मला."

मी कागद घेतला. त्यांनी दसऱ्याच्या सकाळी "तुमी सांगा की" म्हणून विचारलं होतं, तेव्हा मी त्यांच्या बाजूनं एक शब्द बोललो नव्हतो, फोन लावला होता. त्यांनी ते काढलं नाही.

मालकांनी कागद वाचला आणि पेन हातात घेतलं. "एक लाख देऊन टाकू की एकदम," ते म्हणाले. मी म्हणालो, "असं अंदाजानं नाही. कायद्यानं जे होतं ते." मी आकडेमोड समोर ठेवली. त्यांनी न वाचता सही केली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझा कागद न वाचता सही केली.

मूळ पगार बावीस हजार, नोकरी अकरा वर्षं. ग्रॅच्युइटी एक लाख एकोणचाळीस हजार सहाशे पंधरा रुपये अडतीस पैसे. पैसे मी वर धरून सोळा केले. बोनस बावीस हजार, नोव्हेंबरचा पगार बावीस हजार. एकूण एक लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सोळा रुपये, चेकनं, अक्कांना.